तालमीतली भूक
(प्रस्तावना)

पैलवानांच्या खाण्याच्या गोष्टी ऐकल्या नाहीत असा माणूस पश्चिम महाराष्ट्रात सापडायचा नाही. कुणी दुधाची बादली तोंडाला लावून रिकामी केली, कुणी पैजेवर बोकड संपवले, कुणाच्या ताटाशेजारी तुपाचा तांब्याच ठेवलेला असायचा. पारावर, एसटीत, कुस्तीच्या फडात पुढची जोड लागण्याची वाट पाहताना या गोष्टी रंगतात आणि दर खेपेला दूध शेरभर वाढते. या पुस्तकात तसल्या गोष्टी फार थोड्या आहेत. तालमीतल्या जुन्या माणसांजवळ बसले की त्यांचे बोलणे वेगळ्याच वाटेने जाते. किती खाल्ले याचे त्यांना कौतुक नसते. खाल्लेले अंगी लागले का, एवढेच ते विचारतात. अंगी लागणे काही ताटावर ठरत नाही. आधी हौद्यात काय झाले, भूक कशी लागली, जेवताना डोके कुठे होते आणि हात कधी आखडला, यावर ते ठरते.

कुस्तीची मेहनत आणि पैलवानाचा खुराक ही दोन वेगळी प्रकरणे समजायची आपल्याला सवय आहे. व्यायामाची पुस्तके व्यायाम सांगतात, आहाराची पुस्तके तक्ते देतात, आणि मनाच्या बळासाठी तिसरेच पुस्तक विकत घ्यावे लागते. तालमीत हे तिन्ही विषय एकाच वस्तादाकडे असतात. माणसाच्या आतली ताकद मेहनत आणि ताट यांच्या सांध्यावर तयार होते, हे माझे म्हणणे आहे. शरीर काय सांगते ते ऐकायची सवय माती लावते, आणि ती सवय खरोखर लागली आहे का हे ताट दिवसातून दोनदा तपासते.

पुस्तकाचा मुक्काम मुख्यतः कोल्हापुरात आहे आणि त्याला कारण आहे. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. १९०२ च्या युरोपच्या दौऱ्यात त्यांनी रोमचे कलोसियम पाहिले, आणि तसे गोल मैदान आपल्या गावात कुस्तीसाठी असावे हे त्यांच्या मनाने घेतले. १९१२ साली खासबाग मैदान उभे राहिले. कुठेही बसा, मधली कुस्ती आडकाठीवाचून दिसते. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी या तालमींची नावे घेतल्याशिवाय मराठी कुस्तीचा इतिहास पुढे सरकत नाही. दूरदूरचे मल्ल इथे आले, राहिले, त्यांचे डाव इथल्या पोरांनी उचलले. पैलवान पोसणे हे राजाचे काम आहे ही समजूत मात्र शाहू महाराजांच्याही कितीतरी आधीची. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मल्लांच्या कुस्त्यांचे वर्णन आहे. मल्लांची प्रतवारी कशी करावी, त्यांचा सराव कसा चालावा, त्यांना काय खाऊ घालावे, हे सगळे त्यात येते. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वीही या प्रदेशात डाव आणि आहार यांचा विचार एकाच ठिकाणी झालेला होता.

दुसरा धागा समर्थ रामदासांचा. त्यांनी गावोगाव मारुती बसवले आणि बलोपासनेला देवळाचा आधार दिला, हे सर्वांना ठाऊक आहे. आजही शेंदूर लावलेल्या मारुतीवाचून तालीम नाही. जेवणाआधी घरोघरी, शाळाशाळांत म्हटला जाणारा श्लोकही समर्थांच्याच नावावर आहे. एकाच परंपरेने दंड थोपटायलाही शिकवावे आणि पहिल्या घासाआधी क्षणभर थांबायलाही शिकवावे, हा योगायोग मला वाटत नाही.

आता प्रत्यक्ष हौद्यात उतरू. नवे पोर तालमीत आले की त्याला डाव शिकायची घाई असते. टीव्हीवर, मोबाइलवर त्याने ढाक पाहिलेली असते, धोबीपछाड पाहिलेली असते. वस्ताद त्याच्या हातात फावडे देतो. हौद्यातली लाल माती रोज खणायची, खालची वर करायची, खडे वेचायचे, ढेकळे फोडायची. त्या मातीत तेल, ताक, लिंबाचा रस, हळद, कापूर असे काय काय मुरवलेले असते. ती पायाखाली भुसभुशीत आणि अंगाला थंड लागते. दमून हाताला वळ उठेपर्यंत माती उकरणे हा पोराचा पहिला धडा. पाठ, खांदे, मनगट यांचा व्यायाम त्यात होतोच, पण दुसरेही काही होते. ज्या मातीवर आपण उद्या आपटणार आहोत ती आपणच मऊ केलेली आहे, हे पोराच्या अंगात उतरते आणि पडायची भीती निम्मी होते.

मग जोर, बैठका, सपाट्या. बाहेरच्याला हे आकड्यांचे काम वाटते. वस्ताद आकडा ऐकतो, पण पाहतो तो दम. जोर मारताना छाती जमिनीलगत जाते तेव्हा श्वास कुठे आहे, बैठकीतून उठताना पोर तोंड वासते का, शेवटच्या दहा-वीस जोरांत कंबर ढिली पडते का. कंबर ढिली पडली की मोजणी थांबते. वाग्भटाने ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात हिवाळ्यात आणि वसंतात, तेही धडधाकट आणि स्निग्ध आहार घेणाऱ्याने, अर्ध्या शक्तीइतका व्यायाम करावा आणि इतर ऋतूंत त्याहून कमी, असे सांगून ठेवले आहे. पैलवान अर्ध्यावर थांबत नाही, हे उघड आहे. पण व्यायामाचे माप ऋतू, अंगची ताकद आणि पोटात गेलेले तूप या तिघांनी मिळून ठरवायचे, ही त्यातली दृष्टी तालमीने सोडलेली नाही. भर उन्हाळ्यात मेहनत उतरवतात, खुराकातही फेर करतात, आणि त्यासाठी कुणी ग्रंथ उघडत नाही.

खरी परीक्षा लढतीत. लढत म्हणजे तालमीतल्या तालमीत रोज होणारी सरावाची कुस्ती. इथे बक्षीस नाही, हलगी नाही, टाळ्या नाहीत. धाकट्याला थोरला पैलवान अंगावर घेतो आणि धाकटा रोज उताणा पडतो. सगळ्यांच्या देखत पडतो, उठतो, अंगावरची माती झटकतो आणि पुन्हा खडाखडीला उभा राहतो. पहिले काही महिने त्याला राग येतो. रागात पैलवान घाईने पट काढायला जातो आणि अलगद सापडतो; राग दम खातो हे त्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. हळूहळू तो समोरच्याच्या हाताचे वजन ओळखू लागतो. मानेवर पडलेला पंजा रेटणार की ओढणार, हे डोळ्याआधी कातडीला कळते. मनाचा निग्रह म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, तो तालमीत असा येतो. पडण्याची लाज मोडते, रागाची किंमत कळते आणि लक्ष आपल्या अंगावरून हलत नाही. उपदेशाने यातले काही साधत असते, तर तालमीऐवजी व्याख्यानमालांतून पैलवान निघाले असते.

लढती संपल्या की पैलवान लगेच खायला धावत नाही. घामाच्या अंगाला माती चोळतात, अंग निवू देतात, मग आंघोळ. त्यानंतर थंडाई. रात्री भिजवलेल्या बदामांची साले काढायची, दगडी कुंडी दोन पायांत धरून बसायचे आणि लाकडी सोट्याने घोटत राहायचे. खसखस, बडीशेप, वेलची, मिरी, खडीसाखर एकेक करून पडते. सोटा फिरतो तसा कुंडीतला कुरकुर आवाज बारीक होत जातो, बदामाला तेल सुटते, लगदा चिकट होऊन कुंडीच्या कडेला चढतो. बोटाने चोळून पाहायचे. कण लागला तर पुन्हा घोटायचे. मग दूध घालून फडक्यातून गाळायचे. मिक्सरमध्ये हे काम दोन मिनिटांचे आहे आणि हल्ली पुष्कळ ठिकाणी ते तसेच होते. पण कुंडीवर बसलेल्या पोराचा अर्धाअधिक तास त्या पेल्यात गेलेला असतो. असा पेला कुणी उभ्या-उभ्या, दुसरीकडे पाहत, घटाघटा पीत नाही.

जेवणाचेही तसेच. झणझणीत मटणासाठी नाव काढलेल्या या गावात पैलवानाचे ताट पाहुण्याला फिके वाटते. तिखट आणि तळकट वर्ज्य; मटण शिजले की आधी अळणी काढून ठेवायचे, तांबडा रस्सा बाकीच्यांसाठी. बाहेरगावची पोरे तालमीतच राहतात आणि स्वयंपाक पाळीने करतात. भाकऱ्या थापायला, डाळ लावायला पैलवान गडी लाजत नाही. दूध कुणाच्या घरून येते, कुणी गंगावेशच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढून घेऊन फेसासकट पितो. आणि यात एक हिशेब सतत चालू असतो. खुराकाचा खर्च मोठा आहे. पोर शेतकऱ्याचे असते, मजुराचे असते. त्याच्या तुपासाठी घरी म्हैस राखली जाते, धाकट्या भावंडाच्या वाटणीचे दूध डेअरीला जाऊन त्याचे पैसे तालमीत येतात. हे पोराला पक्के माहीत असते. त्यामुळे ताटात काय आहे याबरोबर ते कुणाच्या वाटणीचे आहे हेही त्याला दिसत असते. पैलवान अन्न टाकत नाही, नावे ठेवत नाही, त्यामागे शिस्तीइतकीच ही जाणीव आहे.

सजगपणे खाणे हा विषय आज जगभर शिकवला जातो. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ताणाखाली असलेल्या रुग्णांसाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातला एका बेदाण्याचा पाठ प्रसिद्ध आहे: दाणा हातात घ्यायचा, निरखायचा, हुंगायचा, सावकाश चावायचा. तो पाठ चांगला आहे. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याला खाण्यापाशी थांबवायला तो उपयोगी पडतो. तालमीचा रस्ता दुसऱ्या टोकाने येतो. इथे लक्ष देण्याचा वेगळा तास नाही. श्रमाने भूक तयार होते, अन्न करण्यात हात गुंततात, ते कुठून आले हे ठाऊक असते. लक्ष आपोआप ताटावर येते. एका पाठात माणूस खाताना थांबतो, दुसऱ्यात खाण्याआधीच पुष्कळ काही घडलेले असते. दोन्हींचा मेळ कसा घालता येईल, हा या पुस्तकाचा एक उद्देश आहे.

ताकद आणि आकारमान यांची गल्लत मोडायला एक नाव पुरे आहे: खाशाबा जाधव. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांचा वजनगट होता ५७ किलोंचा. बादलीभर दुधाच्या गोष्टींत हा माणूस बसत नाही. चपळाई, डावांचा भरणा आणि न सुटणारा दम ही त्यांची कमाई होती. परत आल्यावर कुस्त्या करून त्यांनी प्राचार्यांचे घर सोडवले.

बरोबर बहात्तर वर्षांनी, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, अमन सेहरावतने त्याच ५७ किलो गटात कांस्य मिळवले. पण त्याच्या कांस्याआधीची रात्र खाशाबांच्या काळी कल्पनेतही नसेल. उपांत्य लढत झाल्यावर त्याचे वजन साडेचार किलोंहून अधिक वाढलेले होते, आणि ते दहाएक तासांत उतरवावे लागले. त्याच स्पर्धेत विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचली आणि ५० किलोंवर १०० ग्रॅम भरली म्हणून अपात्र ठरली. साऱ्या देशाने त्या शंभर ग्रॅमवर चर्चा केली. मला त्यातून वेगळा प्रश्न दिसतो. आधुनिक कुस्तीत भुकेला दाबायचे शिक्षण मोठ्या प्रमाणावर दिले जाते: पाणी तोडायचे, घाम काढायचे जाड कपडे घालून धावायचे, गरम खोलीत बसायचे. मग वजन झाले की पोट फुटेस्तोवर खायचे. कोवळ्या वयात हा खेळ सुरू झाला की पोराला आपली भूक खरी कोणती आणि खोटी कोणती हे कळेनासे होते. वजनगट हवेतच, ते न्यायाचे आहेत. पण आपला गट महिनोन्‌महिने आधी ठरवून जेवण त्याला हळूहळू जुळवणे वेगळे, आणि आदल्या रात्री अंगातले पाणी पिळून काढणे वेगळे. यातल्या पहिल्या मार्गावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

तालमीची आरती ओवाळण्यासाठी मी लिहायला बसलेलो नाही. तिथली दुखणी जुनी आहेत. कुस्ती सुटते तेव्हा मेहनत एका दिवसात सुटते, खुराक मात्र सुटत नाही. चाळिशीत पोट सुटते, गुडघे बोलू लागतात, मधुमेह आणि रक्तदाब मागे लागतात. ज्या अंगाने शड्डू ठोकून मैदान गाजवले ते जिना चढताना धापा टाकते. पैलवानाला खायला शिकवले, कमी करायला शिकवले नाही, हा वस्तादांच्या परंपरेचा दोष मानायला हवा. दुसरे दुखणे नवे आहे. झटपट अंग भरावे म्हणून डब्यांतल्या पावडरी आल्या, त्यांच्या पाठोपाठ इंजेक्शने आली. रक्तदाब वाढवायचे औषध लढतीआधी टोचून घेणारी पोरे आहेत. आपला दम किती उरला हे सांगणारी अंगातली सूचनाच त्या औषधाने बंद पडते; मातीने वर्षानुवर्षे जे शिकवले ते सुईने मिनिटात पुसले जाते.

तिसरी गोष्ट मुलींची. २०२३ साली सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उचलली. ज्या घरांत मुलगी सगळ्यांच्या मागून आणि उरलेले जेवते, तिथून येऊन तिला आधी हे शिकावे लागते की आपल्या भुकेला हक्क आहे. मुलाला हात आखडायला शिकवायचे आणि मुलीला हात पुढे करायला, असे दोन उलटे धडे एकाच आखाड्यात द्यायची वेळ आता आली आहे. मुलींच्या तालमींवरचे प्रकरण म्हणूनच मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिल्यात तालमीचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत आहे. दुसऱ्यात खुराक: पदार्थ, ते करायची रीत, ऋतूप्रमाणे होणारे फरक, आणि कुणी काय टाळावे. तिसऱ्यात कुस्ती सोडलेल्यांचे, वजनाशी झगडणाऱ्यांचे आणि मुलींचे प्रश्न. लंगोट न बांधणाऱ्या वाचकालाही यातले बरेच काही घेता येईल. त्याने वीस बैठका माराव्यात, पण त्या मारताना आपला श्वास पाहावा. आठवड्यातून एकदा तरी आपले जेवण स्वतः रांधावे. वाग्भटाने पोटाचे चार भाग सांगितले आहेत, दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वाऱ्याला मोकळा. तो चौथा भाग मोकळा ठेवून पाहावा. ज्यांना मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी खुराकाचे प्रकरण डॉक्टरांना दाखवल्याशिवाय अमलात आणू नये.

एक अट मात्र सगळ्यांना लागू आहे. दुसरा भाग आधी वाचायचा मोह होईल, कारण त्यात थंडाई आहे, अळणी आहे, तूप आहे. तालमीत हा क्रम चालत नाही. मेहनतीने लागलेली भूक आणि नुसत्या चवीने चाळवलेली भूक यांतला फरक ज्याला अंगाने कळला नाही, त्याच्या हाती खुराकाची मापे देणे म्हणजे त्याचे पोट सुटायची सोय करणे आहे. पहिला भाग वाचा, त्यातले थोडे करा, घाम आणा. मग ताटाची पाने उलटा.